अबसातूची सतरा झाडं

अबसातू लग्न होऊन दान गाजेरेला आली, तेव्हा इनुसानं तिला गामाना दिलं ते शेताच्या पार उत्तरेच्या टोकाचं. आमच्याकडे नवरा आपल्या शेतातला एक तुकडा बायकोला तोडून देतो, त्याला गामाना म्हणतात. त्यात ती भुईमूग पेरो नाहीतर चवळी, विको नाहीतर वाटून टाको, तिची ती मुखत्यार. पण तुकडा कुठला द्यायचा हे नवऱ्याच्या हातात, आणि शेणखत घातलेली जमीन बायकोला देणारा नवरा मी तरी अजून पाहिला नाही. इनुसानं दिली ती निव्वळ वाळू. वर म्हणाला, "तिथं वारा फार. त्याला तोंड द्यायला तुझ्यासारखी तिखट बाईच पाहिजे."

तिखट ती होतीच. माराडीच्या बाजारात तिनं भाव सांगितला की गिऱ्हाईक मुकाट्यानं पिशवी पुढं करायचं. पण वाऱ्यापुढं तिखटपणाचं काय चालणार? बी रुजून वीतभर रोप वर आलं की उत्तरेकडून वाळूचा लोट यायचा, रोपं कापून काढायचा, नाहीतर पुरून टाकायचा. पुन्हा पेर. पुन्हा लोट. एकेका हंगामात चार-चार पेरण्या झाल्या, आणि चौथ्या पेरणीचा भुईमूग पोसायला पाणी उरायचं नाही. दहाएक वर्षं कशीबशी निघाली, मग लागोपाठ दोन मोसम असे हातचे गेले, तेव्हा अबसातूला घोर लागला. मुलगी मोठी होत होती. आमच्याकडे मुलीची खोली आईनं भरायची असते, छतापर्यंत रंगीत भांड्यांच्या चळती लावून. पाहुण्या बायका येतात त्या नवरीकडे बघतच नाहीत, चळती मोजतात. ती भांडी गामानातून यायची. गामाना गेलं की अबसातूची आणि तिच्या लेकीची आब गेली.

आता कुणी म्हणेल, शेताच्या कडेनं झाडं का नव्हती? झाडं असती तर वारा अडला असता. बरोबर. झाडं होती की! जमिनीखाली होती. जुन्या गावो झाडांची मुळं अजून जिवंत होती, दर वर्षी पेरणीच्या आधी त्यांना धुमारे फुटायचे, आणि दर वर्षी अख्खं गाव खुरपी घेऊन ते धुमारे मुळापासून खरवडून काढायचं. गावो म्हणजे आमचं उलट्या डोक्याचं झाड, बाभळीच्या जातीचं. पावसाळ्यात पानं टाकतं, उन्हाळ्यात हिरवंगार. त्याच्याखाली बाजरी दुप्पट येते हे शेंबडं पोरही सांगेल. तरी आम्ही ते काढायचो, कारण कायदा.

फिरंगी राजवटीपासून कायदा असा होता की रानातलं काय नि शेतातलं काय, झाड म्हणजे सरकारचं. तुमच्या जमिनीत उगवलं, तुम्ही वाढवलं, तरी सरकारचं. फांदी तोडलीत की दंड. इनुसाच्या बापानं स्वतः राखलेल्या झाडाची एक फांदी खुरप्याच्या दांड्यासाठी तोडली आणि दावणीचा बैल घालवून बसला. तेव्हापासून त्या घरानं कानाला खडा लावला होता. धुमारा घोट्याच्या वर जाऊच द्यायचा नाही. रोपच नाही तर झाड नाही, झाड नाही तर दंड नाही. सरकारनं झाडं वाचवायला कायदा केला, आणि त्या कायद्याच्या धाकानं लोकांनी झाडाचं पोर जन्मूच दिलं नाही. असली अक्कल! आणि इनुसाचं शेत तर पंचक्रोशीत नावाजलेलं. तळहातासारखं स्वच्छ. लोक बघायला यायचे.

मग मोठा दुष्काळ पडला, गुरं गेली, माणसं दक्षिणेकडे गेली, आणि वरच्या लोकांना उशिरा का होईना शहाणपण सुचलं. नियम सैल करायचा ठरला. आणि तो आमच्या गावाला सांगायला कुणाला पाठवावं? चाईबूला!

चाईबू हा रानखात्याचा शिपाई. फटफटीवरून हिंडायचा. माणूस वाईट नव्हता, पण गोबिरचा होता आणि आम्ही पडलो कात्सिनाचे. कात्सिनावाले आणि गोबिरवाले म्हणजे तौबासाई, पिढ्यान् पिढ्यांचे थट्टेकरी. एकानं दुसऱ्याला गुलाम म्हणावं, वाटेल ते बोलावं, त्यानं राग मानायचा नाही. मयताच्या घरी जाऊनसुद्धा म्हणावं, "बरं झालं मेला, एक खाणारं तोंड कमी झालं," आणि घरच्यांनी रडता रडता हसावं. गोबिरवाल्याचं बोलणं कात्सिनावाल्यानं खरं मानलं तर त्याच्यासारखा मूर्ख तोच.

शुक्रवारची नमाज आटोपून माणसं बाहेर पडत होती. चाईबूनं फटफटी उभी केली, घसा साफ केला आणि म्हणाला, "ऐका हो. आजपासून शेतातली झाडं तुमची. जो राखील त्याचं झाड. फांदी तोडा, विका, दंड नाही."

मुखिया असा हसत सुटला, की त्याची टोपी पडली.

"अरे माझ्या गुलामा," मुखिया डोळे पुसत म्हणाला, "गोबिरच्या माणसानं कात्सिनाच्या माणसाला काही फुकट दिल्याचं माझ्या आज्यानंही ऐकलं नव्हतं!"

"हसू नका. खरं सांगतोय. सरकारचा नियम आहे."

"सरकार गोबिरचं झालं का रे?"

"म्हणजे आम्ही झाडं राखायची," इनुसा म्हणाला, "आणि ती मोठी झाली की तू दंडाचं पुस्तक घेऊन यायचं. आमच्या दाढ्या उन्हानं पांढऱ्या झाल्या वाटतं तुला?"

चाईबूनं अल्लाची आण घेतली. लोक आणखीच हसले. तो संतापला, तेव्हा तर हसून हसून लोळायचेच बाकी राहिले. शेवटी त्यालाही हसू आलं, आणि तिथंच घात झाला. तो हसला म्हणजे थट्टाच होती, असं गावानं ठरवून टाकलं. त्या मोसमात धुमारे नेहमीपेक्षा जास्त निगुतीनं उपटले गेले.

अबसातू हे सगळं कुंपणाआडून ऐकत होती. तीही हसली. पण पीठ मळताना तिच्या मनात आलं, खरं असलं तर? थट्टा असली तर दंड बसेल, नवरा गामाना काढून घेईल. खरं असलं आणि आपण ऐकलं नाही, तरी गामाना वाळूखाली जाणारच. मधल्या मधे ती अडकली. चाईबूला विचारून उपयोग नाही, ती कात्सिनाची. तिला तो खरं सांगेल तरी ते थट्टेसारखंच वाजणार. मग तिला सुचलं. थट्टा आपल्याशी चालते. परक्याशी कोण करील?

बाजाराच्या दिवशी ती यागानाकडे गेली. यागाना मिठाच्या ढेपा विकायची. बारेबारी जातीची, पूर्वेकडून आलेली. तिचं आणि गोबिरवाल्यांचं ना सोयर ना सुतक. अबसातू तिच्या पोत्यांमागे डोक्यावरून ओढणी घेऊन बसली. चाईबू दर बाजारी चहाच्या टपरीकडे याच वाटेनं जायचा.

"साहेब," यागानानं हाक मारली, "जरा इकडं या. म्हातारीची एक अडचण आहे."

"बोला आई."

"माझ्या शेतात गावोचे धुमारे आलेत. ठेवू की काढू? लोक म्हणतात दंड होतो."

चाईबू खाली बसला. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "काढू नका आई. आता दंड नाही. झाड ज्यानं राखलं त्याचं." मग त्यानं काडी घेऊन वाळूत काढून दाखवलं. एका बुंध्याचे बळकट तीन-चार धुमारे ठेवायचे, बाकीचे छाटायचे. शेजारी काठी रोवायची, चिंधी बांधायची, म्हणजे नांगरताना आणि बकऱ्या वळताना दिसतं. खालच्या फांद्या छाटत राहायच्या, म्हणजे खोड सरळ वर जातं. इतक्या शांतपणे सांगत होता की यागानाची मिठाची दोन गिऱ्हाइकंही उभी राहून ऐकू लागली.

"अल्ला तुमचं भलं करो," यागाना म्हणाली.

"तुम्ही तरी ऐकलंत," उठता उठता तो म्हणाला. "दान गाजेरेवाल्यांना सांगून माझा घसा बसला. ते नुसते दात काढतात. त्यांच्या पोरांच्या ताटातली बाजरी वाळू खातेय, आणि मी काय करू, मी पडलो गोबिरचा."

पोत्यामागे अबसातूला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. पण तिथून उठून तोंड दाखवायची काही सोय नव्हती, म्हणून ती यागानाची एक ढेप विकत घेऊन घरी आली.

त्या वर्षी तिनं गामानात सतरा बुंधे राखले. काठ्या रोवल्या, जुन्या लुंगीच्या निळ्या चिंध्या बांधल्या. इनुसा बघायला आला तो हबकलाच.

"हे काय? शेत आहे की पिराची जागा?"

"झाडं आहेत."

"कुणी सांगितलं ठेवायला?"

"सरकारनं. खरंच नियम झालाय. चाईबू बारेबारी बाईला सांगत होता, मी माझ्या कानांनी ऐकलं."

"चाईबू!" इनुसानं कपाळावर हात मारला. "अगं, दुधानं तोंड पोळलेलं घर आहे हे. ताक फुंकून प्यावं आपण. माझ्या बापाचा बैल गेलाय."

"मला माहीत आहे. हंगामाला एकदा तरी तो बैल जातोच आपल्या घरातून."

"हसून घे. मी गावात सगळ्यांना सांगणार, या झाडांशी माझा काडीचा संबंध नाही. आणि दंड आला ना, तर गामाना परत. भुईमुगासकट."

"बरं."

ती 'बरं' म्हणाली, पण त्या रात्रीपासून पुढची दोन वर्षं फटफटीचा आवाज आला की ती हातातलं काम टाकून कुंपणापाशी जायची. इनुसा बोलल्याप्रमाणे गावभर सांगत सुटला. मुखियाला सांगितलं, विहिरीवर सांगितलं. तीनदा तो तिला म्हणाला, "उपट." तीनदा ती म्हणाली, "उद्या." बायका तिला 'झाडांची सवत' म्हणायला लागल्या. ती म्हणायची, "असल्या सवती बऱ्या, निदान जेवायला मागत नाहीत."

तिसऱ्या पावसाळ्यात झाडं तिच्या डोक्यावर गेली. वाळूचा लोट आला, तो बुंध्यांपाशी अडखळला. गावानं तीन पेरण्या केल्या, तिनं एक. इनुसा बांधावर उभा राहून तिचा भुईमूग बघायचा, आणि म्हणायचा, "नशीब." तिच्या मनात यायचं की ओरडून सांगावं, पण दंडाची तलवार अजून डोक्यावर होती, म्हणून ती खुरपणी करत राहायची.

आणि काढणी झाली, तेव्हा जीप आली.

जीपमधून चष्मेवाला उंच साहेब उतरला, हातात वही. मागून चाईबू, इस्त्रीच्या गणवेशात. मुखियानं सवयीनं हाक घातली, "काय रे माझ्या गुलामा, धन्याला घेऊन आलास?" चाईबू हसला नाही. "सलाम आलेकुम, मुखियाजी," एवढंच म्हणाला. चाईबू थट्टा करत नाही म्हणजे आज कुणाचं तरी काही खरं नाही! बातमी वणव्यासारखी गेली, आणि साहेब सरळ उत्तरेच्या टोकाकडे चालू लागला तसं सगळं गाव त्याच्यामागे गेलं.

अबसातू शेंगा वेचत होती. इतकी माणसं येताना बघून तिच्या हातातून टोपली सुटली.

साहेबानं झाडं मोजली. बुंध्याला हात लावला. निळ्या चिंध्या बघितल्या. मग वळून विचारलं, "ही झाडं कुणाची?"

गावातल्या पुरुषांनी आपापल्या चपला निरखायला घेतल्या. कुणी खाकरलं. शेवटी चाईबूनं विचारलं, "जमीन कुणाची आहे?"

"जमीन माझी," इनुसा पुढं आला. "पण झाडं माझी नाहीत साहेब! अल्लाची शपथ, माझी नाहीत. ही माझी बायको. हिनं ठेवली, हिनं काठ्या रोवल्या, चिंध्या हिच्याच लुंगीच्या आहेत. मी तीनदा म्हटलं उपट म्हणून. हे सगळं गाव साक्षीला आहे. सांगा ना रे!"

"होय होय!" गाव एका सुरात म्हणालं. दुसऱ्याच्या गळ्यातला फास बघून सगळ्यांनाच कंठ फुटला होता. मुखिया तर छातीवर हात ठेवून म्हणाला, "झाडं तिचीच. इनुसाचा काडीचा संबंध नाही. माझ्यासमोर बोललाय."

साहेबानं वहीत लिहिलं आणि अबसातूकडे बघितलं. "खरं का बाई?"

"आपोआप उगवली, अल्लानं उगवली" असं म्हणायची वाट मोकळी होती. आमच्या गावात तीन पिढ्या हेच म्हणत आल्या. तसं म्हटलं असतं तर दंड टळला असता, आणि झाडं पुन्हा कुणाचीच राहिली नसती. तिनं चाईबूकडे बघितलं. तो समोर बघत होता, चेहऱ्यावर काही नाही. मिठाच्या पोत्यांसमोर गुडघ्यावर टोपी ठेवून बसलेला माणूस हाच, एवढंच तिनं मनाशी धरलं.

"माझी," ती म्हणाली. मागच्यांनाही ऐकू जावं म्हणून पुन्हा मोठ्यानं म्हणाली, "सतराच्या सतरा माझी!"

"छान राखलीत," साहेब म्हणाला. "मुखियाजी, इथं साक्षीला अंगठा करा. या गावातली ही पहिलीच नोंद. झाडं बाईंची. फांद्या तोडायच्या, विकायच्या, त्यांची मर्जी. बुंधा मात्र राखायचा."

कुणाला काही कळेना. मुखियानं अंगठा उमटवला तेव्हाही तो दंडाच्या रकमेची वाट बघत होता. इनुसानं हळूच विचारलं, "आणि दंड?"

"कसला दंड? नियम बदलून तीन वर्षं झाली. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

सगळ्यांनी चाईबूकडे बघितलं.

अबसातूनं आता पडलेली टोपली उचलली. "साहेब, माझ्या झाडाला दुसऱ्या कुणी हात लावला तर?"

"तर त्याला दंड."

"नवऱ्यानं लावला तर?"

साहेबानं इनुसाकडे चष्म्यावरून बघितलं. "त्यांनी तर आत्ताच शपथ घेतली. सगळ्या गावासमोर."

जीप सुरू झाली. साहेब पुढं बसला, आणि मग मात्र चाईबूला राहवलं नाही. जीपच्या मागच्या फळीला लटकून तो ओरडला, "अरे इनुसा, माझ्या गुलामा! जन्मात पहिल्यांदा गोबिरवाल्यानं कात्सिनावाल्याला काहीतरी दिलं, आणि तू ते शपथ घेऊन बायकोच्या पदरात टाकलंस!"

गाव आठवडाभर हसत होतं. इनुसा दोन दिवस जेवला नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तिसऱ्या दिवशी त्यालाच हसू आलं, आणि तो हसला तेव्हा अबसातूच्या जिवात जीव आला. वाईट माणूस नव्हता तो. बापाचा बैल डोक्यातून जात नव्हता, इतकंच.

पुढच्या मोसमात दान गाजेरेत कुणी धुमारे उपटले नाहीत. उलट माणसं अबसातूच्या दारी यायला लागली. कुठला फुटवा ठेवू, कुठला छाटू? मुखिया स्वतः आला, पण संध्याकाळी, कुणी बघू नये अशा बेतानं. इनुसानंही आपल्या तळहातासारख्या शेतात चाळीस बुंधे राखले. लोक म्हणाले, तळहाताला केस आले. अबसातूच्या छाटलेल्या फांद्यांच्या मोळ्या भर दुपारी, भर रस्त्यानं माराडीच्या बाजाराला गेल्या. उन्हाळ्यात गावोच्या शेंगांना बकऱ्या पाळणारी गिऱ्हाइकं लागली. लेकीच्या लग्नात भांड्यांच्या चळती छताला टेकल्या, आणि एक चळत आत मावेना म्हणून दाराबाहेर ठेवावी लागली. ती मुद्दाम ठेवली होती असं बायका म्हणतात. असेल.

लग्नानंतरच्या वर्षी वादळात इनुसाच्या झोपडीचा मधला वासा मोडला. त्याची स्वतःची झाडं अजून मनगटाएवढीच होती. तो अबसातूच्या दाराशी येऊन उभा राहिला. खाकरला.

"ऐकतेस का?"

"ऐकतेय."

"एक वासा पाहिजे होता."

"बाजारात मिळतात की."

"बाजारातले किडके असतात." मग मान खाली घालून म्हणाला, "तुझ्यातला एखादा दिलास तर. म्हणजे, तुझी मर्जी असली तर."

अबसातू या घरात आल्याला अठरा वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत त्यानं तिला पाणी मागितलं होतं, जेवण मागितलं होतं, एकदा पैसेही मागितले होते, आणि ते सगळं हुकूम केल्यासारखं. विचारून कधी काही मागितलं नव्हतं. तिला इतका आनंद झाला की तो लपवायला ती उगीच चुलीतली राख ओढत बसली.

"कुऱ्हाड आणा," शेवटी ती म्हणाली.

गामानात जाऊन तिनं सगळ्यात सरळ फांदी निवडली. तो तोडायला पुढं झाला तर म्हणाली, "अहो, तुम्ही नको. तुम्हाला दंड होईल." आणि स्वतः तोडली. मग वासा खांद्यावर घेऊन तो पुढं, कुऱ्हाड घेऊन ती मागं, अशी दोघं गावातून घरी आली. वाटेत मुखियानं विचारलं, "इनुसा, कुणाचा रे वासा?"

"हिचा," इनुसा म्हणाला. या वेळी त्यानं शपथ घेतली नाही.